नॉमिनी असूनही बँक कोर्टाचा दाखला मागते, मदत हवी आहे

शेवंती: वडिलांची एफडी आहे, नॉमिनी मी. मृत्यूचा दाखला, क्लेम फॉर्म, मूळ पावती, केवायसी सगळं दिलं. आता म्हणतात कोर्टातून उत्तराधिकार प्रमाणपत्र (वारस असल्याचा दाखला) आणा. काय करू? लवकर सांगा.

खातेवही: एफडी त्यांच्या एकट्याच्या नावे की जॉइंट? पावतीवर नॉमिनीचं नाव छापलंय का?

तारीखपेतारीख: प्रमाणपत्र काढूनच टाका. शेअर्सनाही तेच उपयोगी पडतं.

खातेवही: हातात कधी पडतं तेही सांगा की! जाहीर नोटीस, हरकतींची मुदत, कोर्ट फी. नॉमिनी असेल तर हे मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, ९ जून २००५ च्या परिपत्रकापासूनचा. रक्कम कितीही असो. जामीनदारही नको. कागद पूर्ण मिळाल्यापासून १५ दिवसांत क्लेम निकाली काढायचा.

शेवंती: एकट्यांच्या नावे. नॉमिनी छापलंय, पण माहेरच्या नावाने. आधार, पॅन सासरच्या.

खातेवही: अहो, हे आधी सांगायचं ना! घोडं इथे अडलंय. दोन नावं एकाच बाईची आहेत हे बँकेत आपल्या सहीने कोण मान्य करणार, म्हणून कोर्टाकडे बोट. विवाह नोंदणीचा दाखला आणि नोटरीसमोरचं ‘दोन्ही नावांची व्यक्ती मीच’ असं प्रतिज्ञापत्र जोडा. पॅनवर वडिलांचं नाव असतं, ते दाखवा.

गुळवेल: सरकारी गॅझेटमध्ये नावबदल छापून घ्या, कायमची कटकट मिटेल.

खातेवही: या क्लेमसाठी कशाला?

चौकस: १ नोव्हेंबर २०२५ पासून चार नॉमिनी लावता येतात बरं का.

खातेवही: खातेदार गेल्यावर लावणार कोण?

तारीखपेतारीख: नॉमिनी मालक नसतो, नुसता विश्वस्त. भावंडं आहेत का?

आवकजावक: तो वारसांचा आपसातला प्रश्न. कोर्टाची मनाई नसेल तर नॉमिनीला पैसे दिले की बँक मोकळी. ताई, अर्ज दोन प्रतींत द्या, पोचेवर शिक्का आणि तारीख घ्या. तोंडी नकाराला काही किंमत नाही, कारण लेखी मागा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार, फी नाही. आणि मुदतीआधी मोडली म्हणून दंड कापलाय का तेही बघा.

शेवंती: लग्नाची नोंदणीच केलेली नाही. आता?

खातेवही: उशिरा नोंदणी होते, दंड भरून. तोवर शाळा सोडल्याचा दाखला, पॅन आणि प्रतिज्ञापत्र एकत्र देऊन ठेवा. पोच विसरू नका.