व्हॉयेजरची चित्रं: कुठलीही डार्क फ्रेम चालेल असं नाही

कोणी म्हणेल की व्हॉयेजर अंतराळयानांच्या कच्च्या चित्रातून डार्क फ्रेम (प्रकाश पडू न देता घेतलेलं चित्र) वजा केली, फ्लॅट फील्डने (एकसारख्या उजळ पृष्ठभागाच्या चित्राने) भागलं की काम झालं. सीसीडीला (डिजिटल कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या चिपला) हे बऱ्यापैकी लागू पडतं. पण १९७७ साली सुटलेल्या या यानांवर व्हिडिकॉन नळ्या (जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांसारख्या, आतल्या पडद्यावर चित्र टिपणाऱ्या) होत्या, तिथे एवढ्यावर भागत नाही.

८०० बाय ८०० चं चित्र इलेक्ट्रॉन झोत ओळीओळीने वाचायचा. वाचन जितकं सावकाश, तितका खालच्या ओळींपर्यंत डार्क करंट (प्रकाश नसतानाही जमणारा संकेत) साचत जायचा. म्हणून डार्क फ्रेम त्याच वाचनवेगाची हवी. मी तर वेग जुळत नसेल तर ती वापरूच नका म्हणेन. शिवाय आधीच्या चित्राचा ठसा पुसूनही थोडा उरायचा. तेजस्वी गुरूनंतर लगेच काळं आकाश टिपलं असेल, तर तिथली फिकट उजळी खरी मानण्याआधी मागची फ्रेम जरूर बघा.

प्रकाशाला मिळणारा प्रतिसादही अगदी सरळ रेषेत नाही आणि पडद्यावर जागोजागी बदलतो. त्यामुळे एकाच फ्लॅटऐवजी वेगवेगळ्या प्रकाशपातळ्यांवर मोजलेले प्रतिसादाचे वक्र लागतात. आणि चित्राची भूमिती सरळ करायचं (वाकडेपणा काढायचं) काम कृपया या सगळ्या दुरुस्त्यांनंतरच करा, कारण कॅलिब्रेशन फाइल्स (या दुरुस्त्यांसाठीच्या डार्क फ्रेम, वक्र वगैरे) कच्च्या चित्राच्या पिक्सेलांशी जुळतात.