इंदूरच्या वयोवृद्ध सिस्टर्सच्या आठवणी ध्वनिमुद्रित करायच्या आहेत, सुरुवात कुठून करावी?

स्नेहलतागंज_इंदूर

नमस्कार मंडळी. आमच्या कॉन्व्हेंट शाळेच्या माजी विद्यार्थिनींच्या गटाने एक काम हाती घेतलं आहे. शाळेत आणि दवाखान्यात आयुष्य घालवलेल्या काही सिस्टर्स आता इंदुरातच, निवृत्त सिस्टर्सच्या घरात राहतात. वयं ७८ ते ९१. त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून पुढे एक पुस्तिका काढायची आहे. गटातल्या बहुतेकजणी मराठी घरांतल्या, ख्रिस्ती कुणीच नाही, त्यामुळे व्रतजीवनातले टप्पे आम्हाला नीट ठाऊक नाहीत. शिवाय काहीही विचारलं की उत्तर येतं, "सब प्रभु की कृपा है." पुढे सरकताच येत नाही. परवानगी कोणाची घ्यायची, प्रश्न कसे विचारायचे, वर्षं कशी पडताळायची? जाणकारांनी सविस्तर सांगावं. या बायकांनी हजारो मुली घडवल्या, काम नीटच व्हायला हवं.

जुनी_दप्तरे

आधी परवानगी. ती बिशप हाउसकडे मागू नका. सिस्टर्स ज्या धर्मसंघाच्या आहेत त्याच्या प्रोव्हिन्शियलना, म्हणजे संघाच्या प्रांतप्रमुखांना, पत्र लिहा, प्रत त्या घराच्या सुपीरियरना, म्हणजे घरप्रमुख सिस्टरना, द्या. ध्वनिमुद्रणाची मूळ प्रत कोणाकडे राहील, छापण्याआधी मजकूर कोण वाचेल, एखादा भाग काही वर्षं बंद ठेवता येईल का, आणि पुस्तिकेतून पैसे आले तर ते कुठे जातील, हे पत्रात स्पष्ट लिहा. पैशांचा मुद्दा किरकोळ नाही. दारिद्र्याच्या व्रतामुळे सिस्टरच्या कष्टातून जे येतं ते धर्मसंघाचं होतं. त्यांच्या हातात मानधनाचं पाकीट ठेवून त्यांना अवघडवू नका. तसंच धर्म किंवा नीतीविषयक लेखन प्रसिद्ध करायचं तर कॅथलिक चर्चच्या १९८३च्या नियमसंहितेच्या कलम ८३२प्रमाणे व्रतस्थांना आपल्या मेजर सुपीरियरची, म्हणजे इथे प्रोव्हिन्शियलची, परवानगी लागते. आठवणींत श्रद्धेबद्दल लिहिलं जाणारच, तेव्हा होकार लेखी घ्या.

मग सिस्टरची स्वतःची संमती, वेगळी, एकट्या असताना. आज्ञापालनाचं व्रत घेतलेल्या व्यक्तीला सुपीरियरने "मुलाखत द्या" म्हटलं की ती हो म्हणणारच. तो होकार पुरेसा नाही. "हा प्रश्न नको", "आता थांबा" असं म्हणता येतं हे त्यांना सांगा आणि रेकॉर्डर बंद करायचं बटण त्यांच्या हाताशी ठेवा.

टप्प्यांबद्दल. मुलगी आधी ॲस्पिरंट (इच्छुक) म्हणून राहते, मग पोस्टुलंट (उमेदवार) होते, मग नॉव्हिशिएट, म्हणजे व्रतांआधीचा प्रशिक्षणकाळ, त्यानंतर प्रथम व्रतं. ही तात्पुरती असतात, ठराविक मुदतीने पुन्हा घेतली जातात. शेवटी नित्य, म्हणजे आयुष्यभराची, व्रतं. आजच्या संहितेत नॉव्हिशिएट किमान १२ महिन्यांचं आणि तात्पुरत्या व्रतांचा काळ ३ ते ६ वर्षं, वाढवला तरी एकूण ९ वर्षांच्या आत. तुमच्या सिस्टर्सपैकी बहुतेकींनी प्रवेश घेतला तेव्हा १९१७ची जुनी संहिता होती, पण क्रम हाच.

बहुतेक पुस्तिका चुकतात ती जागा पुढे आहे. रौप्य, सुवर्ण, हीरक महोत्सव साधारणपणे प्रथम व्रतांपासून मोजतात. सुवर्णमहोत्सव २०१५ साली झाला असेल तर प्रथम व्रतं १९६५ची, आणि घर सोडलं ते त्याच्याही दोन-चार वर्षं आधी. "१९६५मध्ये कॉन्व्हेंटमध्ये आल्या" असं छापलं की पुढची सगळी वर्षं सरकतात. प्रत्येकीसाठी जन्म, प्रवेश, प्रथम व्रतं, नित्य व्रतं आणि प्रत्येक बदली अशा तारखांचा एक कागद मुलाखतीआधीच तयार ठेवा. तारखा प्रांताच्या नोंदवहीत मिळतात. ती तुमच्या हातात देणार नाहीत, आणि ते योग्यच आहे. फक्त तारखा उतरवून मागा.

नावं दोनदा तपासा. पूर्वी अनेक धर्मसंघांत व्रतजीवनाच्या सुरुवातीला नवं नाव मिळत असे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ऑक्टोबर १९६५मध्ये व्रतजीवनाच्या नूतनीकरणाचा हुकूमनामा काढला, त्यानंतर पुष्कळजणींनी बाप्तिस्म्याचं नाव परत घेतलं. त्यामुळे १९६२च्या शाळेच्या फोटोखालची सिस्टर आणि १९७२च्या वार्षिक अंकातली सिस्टर दोन वेगळ्या नावांनी एकच असू शकते. पेन्शनच्या कागदांवर आणखी तिसरं, सरकारी नाव असू शकतं.

शेवटचं, जागा. इंदूर धर्मप्रांत, म्हणजे इंदूरच्या बिशपच्या अखत्यारीतला प्रदेश, १९५२चा. १९७७मध्ये खंडवा वेगळा झाला, २००२मध्ये झाबुआ. सिस्टर "इंदूर मिशनमध्ये होते" म्हणाल्या तर ते गाव आज खंडवा किंवा झाबुआ धर्मप्रांतात असू शकतं, आणि तिथल्या चर्चची दप्तरंही तिकडे. कॉन्व्हेंटची रोजनिशी मात्र धर्मसंघाकडेच असते, तिला क्रॉनिकल म्हणतात. कोण आलं, कोण गेलं, विहीर कधी खोदली, साथ कधी आली, सगळं तिच्यात सापडतं.

वसईकर

प्रश्नांबद्दल लिहितो. "देवाची कृपा" हे उत्तर तुम्हाला टाळण्यासाठी दिलेलं नाही. व्रतस्थ बाईला स्वतःच्या कामाचं श्रेय घेऊन बोलायची सवय नसते. तिचं सगळं शिक्षण उलट दिशेचं असतं. "तुमचं सर्वांत मोठं योगदान कोणतं?" असा प्रश्न आला की ती कृपेकडेच वळणार. ते उत्तर राहू द्या, पुस्तिकेतून कापू नका. पण प्रश्न बदला.

सिस्टर्सचं आयुष्य बदल्यांनी आखलेलं असतं. एकेक घर घ्या. त्या घरात पोचलात तेव्हा किती सिस्टर्स होत्या? तुम्हाला कोणती ड्यूटी दिली? तुमच्या आधी ते काम कोण करत होतं आणि त्यांनी ते कसं शिकवलं? पाणी कुठून यायचं? दिवे होते का? शाळेची फी कोण गोळा करायचं, जिला देता येत नव्हती तिचं काय केलं जायचं? दवाखान्याच्या कपाटात कोणती औषधं होती, आजाऱ्याला शहरात न्यायचं तर कशातून? हिंदी कुठे, कोणाकडून शिकलात? घरी पहिल्यांदा सुट्टीवर कधी गेलात? शेवटचा प्रश्न जरूर विचारा. जुन्या नियमांत घरी जाणं फार क्वचित असे, त्यामुळे ती तारीख पक्की लक्षात असते आणि तिच्या आगेमागे बरंच काही निघतं.

कामाबरोबर प्रार्थनेबद्दलही विचारा. बाहेरचे लोक संकोचाने फक्त "समाजसेवा" विचारतात आणि अर्धं आयुष्य वगळून टाकतात. सकाळची प्रार्थना, मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना), मनन, संध्याकाळची प्रार्थना, रोझरी (जपमाळ), वर्षातून एकदा मौनाचं रिट्रीट (एकांतातली साधना), यांच्याभोवती त्यांचा दिवस आणि वर्ष रचलेलं असतं. मिस्सा लॅटिनमधून हिंदीत आली तेव्हा काय वाटलं? झगा बदलून साडी आली असेल तर निर्णय कसा झाला, कोणाला जड गेलं? सिस्टर्स यावर मोकळेपणाने बोलतात, कारण हे सगळं अंगावर आलेलं असतं. "कृपा" हा शब्द इथे आला तर हळूच विचारा, "त्या दिवशी काय झालं होतं, म्हणून तसं वाटलं?" आणि गप्प बसा. मनात दहा आकडे मोजा. बहुतेक मुलाखती खराब होतात त्या मुलाखतकार ती शांतता सहन न होऊन पुढचा प्रश्न टाकतो म्हणून.

वर्ष आठवत नसेल तर खुणा द्या. पोप सहावे पॉल मुंबईला आले ते डिसेंबर १९६४. पोप दुसरे जॉन पॉल पहिल्यांदा भारतात आले ते फेब्रुवारी १९८६. भोपाळची वायुगळती डिसेंबर १९८४. "त्याच्या आधी की नंतर?" एवढंच विचारायचं.

इंदुरात आणखी एक गोष्ट होते. सिस्टर राणी मारिया यांचा विषय निघाला की बाकीचं मागे पडतं. २५ फेब्रुवारी १९९५ला उदयनगरहून इंदूरला येताना बसमध्ये त्यांची हत्या झाली आणि ४ नोव्हेंबर २०१७ला इंदुरातच त्यांना धन्य, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवर, घोषित केलं गेलं. तुमच्या सिस्टर्सना त्याबद्दल बोलायचं असेलच, पण तो प्रश्न पहिल्या बैठकीत नको. आधी त्यांचं स्वतःचं काम. राणी मारियांचं आयुष्यसुद्धा बिजनोर, ओडगडी, उदयनगर अशा घरांच्या क्रमानेच नीट कळतं. फक्त मृत्यूवर थांबलं की त्या शेतमजुरांसाठी नेमकं काय करत होत्या तेच निसटतं.

न विचारायच्या गोष्टी: संघ सोडून गेलेल्या सिस्टर्स, घरातले वाद, रुग्णांची नावं, वसतिगृहातल्या मुलींची घरची परिस्थिती. त्यांनी आपणहून सांगितलं तरी तो भाग बंद ठेवायच्या यादीत टाका.

स्नेहलतागंज_इंदूर

दोघांचेही मनापासून आभार, डोळे उघडले. आणखी विचारते: सगळ्यांना एकत्र बसवून गप्पा रंगवल्या तर चालेल का? आणि मोबाइलवर रेकॉर्डिंग पुरेल की रेकॉर्डर घ्यावा?

ध्वनिलेखन

एकत्र बैठक शेवटी ठेवा, जुने फोटो समोर घेऊन. आधी प्रत्येकीची स्वतंत्र. गटात सर्वांत ज्येष्ठ किंवा पूर्वी सुपीरियर असलेली सिस्टर बोलते आणि बाकीच्या मान डोलावतात. शिवाय दोघी एकदम बोलल्या की उतरवून काढणं अशक्य.

मोबाइल चालेल, पण कॉलरचा माइक लावून आणि फोन एअरप्लेन मोडवर. रेकॉर्डर मिळाला तर उत्तम. वेव्ह फाइल, ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट, मोनो. तासाला साधारण अर्धा जीबी जागा लागते. मूळ एमपी-थ्रीमध्ये घेऊ नका, नंतर आवाज स्वच्छ करताना काही उरत नाही.

कॉलर माइकची एक अडचण फक्त सिस्टर्सच्या बाबतीत येते: गळ्यातला क्रूस. मान हलली की तो माइकवर आपटतो आणि प्रत्येक वाक्यात टक् येतो. डोक्यावरच्या ओढणीचा (व्हेलचा) काठही घासतो. माइक हनुवटीखाली १५ ते २० सेंटिमीटरवर, क्रुसाच्या साखळीपासून बाजूला लावा, आणि क्लिप त्यांनाच लावू द्या, आपण हात घालायचा नाही. नंतर दोन मिनिटं रेकॉर्ड करून हेडफोनने ऐका.

कॉन्व्हेंटचं पार्लर, म्हणजे पाहुण्यांची खोली, दिसायला शांत असतं, पण फरशी, उंच छत आणि रिकाम्या भिंतींमुळे आवाज घुमतो. पुस्तकांची कपाटं किंवा पडदे असलेली लहान खोली मागा, टेबलावर जाड चादर घाला. पंखा बंद ठेवावा लागतो, म्हणून इंदुरात हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिलनंतर कूलर बंद करून वृद्ध माणसाला बसवणं बरं नाही, आणि चालू ठेवला तर रेकॉर्डिंग कामाचं राहत नाही. इन्व्हर्टर शेजारच्या खोलीत असेल तर त्याचीही घरघर येते.

परिचारिका_निवृत्त

वेळ सकाळी दहा ते साडेअकरा. नाश्ता, औषधं झालेली असतात, दुपारची प्रार्थना आणि जेवण पुढे असतं. सलग ४५ मिनिटांवर जाऊ नका. मधुमेह असेल तर जेवणाची वेळ अजिबात टाळू नका. ईस्टरच्या आधीचा पवित्र आठवडा, रिट्रीटचे दिवस आणि घरात कुणी अत्यवस्थ असेल तो काळ सोडा.

कमी ऐकू येत असेल तर ज्या कानाने चांगलं ऐकू येतं त्या बाजूला, उजेड तुमच्या चेहऱ्यावर पडेल असं बसा. ओरडू नका. वयामुळे बारीक, उंच पट्टीचे आवाज आधी ऐकू येईनासे होतात, म्हणून आवाज खालच्या पट्टीत, शब्द सुटे. श्रवणयंत्रावर हेडफोन चढवला की शिट्टी वाजते, त्यांना ऐकवायचं तर स्पीकरवर ऐकवा.

विस्मरण सुरू झालेल्या सिस्टरला वगळू नका. जुन्या आठवणी पुष्कळदा शाबूत असतात. तिला "आठवतंय का?" विचारू नका, फोटो किंवा जुनी प्रार्थना-पुस्तिका हातात द्या. दमल्याची खूण म्हणजे तेच वाक्य पुन्हा पुन्हा येणं किंवा हात चाळवणं, लगेच थांबा. तिच्या बाबतीत संमती प्रत्येक बैठकीला नव्याने विचारायची, आणि घरातली एखादी सिस्टर जवळ हवी.

मातृभाषेत बोलू द्या. केरळच्या मल्याळममध्ये, झारखंडच्या कुडुख किंवा सादरीत, वसईच्या असतील तर त्यांच्या बोलीत. म्हातारपणी मागाहून शिकलेली भाषा आधी निसटते.

जुनी_दप्तरे

उतरवून काढण्याबद्दल राहिलं होतं. तासाभराच्या ध्वनिमुद्रणाला सहा ते आठ तास धरा, मल्याळम असेल तर जास्त. आधी बोललं तसंच लिहा, हिंदी वाक्य हिंदीतच. मराठीत आणणं ही दुसरी पायरी, आणि दोन्ही प्रती ठेवा. मजकूर मोठ्या टायपात, १६ पॉइंटचा, छापून सिस्टरना वाचायला द्या. त्या बरंच खोडतील, विशेषतः जिथे त्यांचं कौतुक आहे तिथे. खोडलेलं पुस्तिकेत घ्यायचं नाही. फार महत्त्वाचं असेल तर तीच गोष्ट सहकारी सिस्टरकडून किंवा क्रॉनिकलमधून मिळवा आणि त्यांना दाखवून मगच छापा.

फाइलींना नाव देताना आधी वर्ष-महिना-दिवस, मग बैठकीचा क्रमांक. तीन प्रती: एक तुमच्या हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या घरी, एक प्रांताच्या दप्तरात. पेन ड्राइव्हवर भिस्त ठेवू नका. फोटोंच्या मागे बॉलपेनने लिहू नका, शाई पुढे उमटते. मऊ पेन्सिलने कडेला फक्त क्रमांक टाका आणि नावं वहीत. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओढून काढू नका, पानासकट ६०० डीपीआयने स्कॅन करा.

प्रांताची प्रत पुस्तिकेची वाट न पाहता प्रत्येक बैठकीनंतर आठवडाभरात पोचती करा, आणि पोच घ्या.