जुन्या साप्ताहिकाच्या बांधीव फायली डिजिटल करायच्या आहेत : देकार तपासायला मदत हवी

वाचनवेल

एका सार्वजनिक वाचनालयातल्या जुन्या नियतकालिकांचा डिजिटल संग्रह करायचं ठरतंय. साहित्य तीन प्रकारचं आहे. पहिलं, स्थानिक साप्ताहिकाच्या 1928 ते 1974 या काळातल्या बांधीव फायली : पान अंदाजे 38 बाय 58 सेंमी, सहा स्तंभ, कागद तपकिरी पडलेला, कडा झडताहेत. दुसरं, एका वाङ्मयीन मासिकाचे डेमी आकाराचे खंड, त्यात रंगीत मुखपृष्ठांचे दिवाळी अंकही आले. तिसरं, एका संशोधन-त्रैमासिकाचे अंक. यातल्या 1995 नंतरच्या अंकांच्या पेजमेकर (पानं मांडण्याचं जुनं सॉफ्टवेअर) फायली सीडीवर आहेत.

स्कॅनिंग करून देणाऱ्यांचा देकार असा : 200 डीपीआय (एका इंचात 200 ठिपके), कृष्णधवल, बांधणी उसवून पानं सुटी करायची आणि एका खंडाची एक पीडीएफ द्यायची. एवढं पुरेल का? मजकुरात शोध घेता यावा हा मुख्य हेतू आहे. शिवाय यातलं काय काय सगळ्यांसाठी नेटवर ठेवता येईल?

दफ्तरबंद

हा देकार घेऊ नका. स्वस्त वाटेल, पण हेच काम पुन्हा करावं लागेल, आणि तोवर कागद टिकलेला नसेल.

कृष्णधवल म्हणजे त्यांच्या भाषेत एक-बिट : प्रत्येक बिंदू एकतर काळा, नाहीतर पांढरा. तपकिरी कागदावर डाग आणि अक्षर दोन्ही काळे होतात, आणि ते नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने वेगळे करता येत नाहीत. मूळ प्रत रंगीतच घ्या, 24 बिट, टिफमध्ये (तपशील न गमावता चित्र साठवणारं स्वरूप). वाचण्यासाठी लहान जेपेग किंवा पीडीएफ त्यातून केव्हाही काढता येते. रंगीत प्रतीचा आणखी एक फायदा असा की ओसीआरसाठी, म्हणजे चित्रातली अक्षरं यंत्राकडून वाचून घेण्यासाठी, तिच्यातली फक्त लाल वाहिनी (लाल, हिरवा, निळा या तीन थरांपैकी लाल थर) वेगळी काढता येते. पिवळे-तपकिरी डाग लाल वाहिनीत फिके पडतात आणि काळी शाई उठून दिसते. फक्त दिवाळी अंकातली लाल शाईतली शीर्षकं या युक्तीने नाहीशी होतात, तेवढी पानं वगळा.

आता डीपीआय. वर्तमानपत्राचा 8 पॉइंटचा टाइप 200 डीपीआयला जेमतेम 22 पिक्सेल उंचीचा येतो. त्यात वर रफार-वेलांट्या आणि खाली उकार आले, म्हणजे मूळ अक्षराच्या वाट्याला निम्मेच पिक्सेल उरतात. अनुस्वाराचा ठिपका आणि कागदावरचा कण यांत फरक करणं तिथे अशक्य आहे. 400 डीपीआयला तोच टाइप 44 पिक्सेलचा होतो. मराठीसाठी 400 धरा, निरुपाय असेल तरच 300 वर या.

बांधीव खंड कॅमेऱ्याने टिपायचे, म्हणून कॅमेऱ्याचा हिशेब आधी करून ठेवा. 24 मेगापिक्सेलची चौकट 6000 बाय 4000 असते. 400 डीपीआयला त्यात 38 बाय 25 सेंमी मावतं. डेमीची उघडी जोडपानं (28 बाय 22) एका फोटोत बसतात. साप्ताहिकाचं पान मात्र तीन तुकड्यांत घ्यावं लागेल, तेही बाजूला समास न ठेवता. 45 मेगापिक्सेल असेल तर दोन तुकडे पुरतात आणि जोडायला 10-12 सेंमीची सामाईक पट्टीही मिळते. मोठ्या पानाची 400 डीपीआय रंगीत टिफ सुमारे 165 एमबीची होते, डेमी पानाची 23 एमबीची. साठवणीचा हिशेब यावरून मांडा.

सपाट स्कॅनरवर बांधीव फाईल पालथी दाबू नका, कणा तुटतो. इंग्रजी व्ही-आकाराचा पाळणा करा, खंड 100 ते 110 अंशांपर्यंतच उघडा. आधी सगळी विषम पानं घ्या, मग खंड फिरवून सगळी सम पानं. दिवे दोन्ही बाजूंनी 45 अंशांत, रंगदर्शकांक (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) 90 च्या वर, भिंग एफ8 च्या आसपास, आयएसओ 100, फोकस आणि एक्सपोजर दोन्ही हाती लावलेले. स्वयंचलित ठेवलं की मोठं छायाचित्र असलेल्या पानाला एक्सपोजर बदलतं आणि सगळा खंड विस्कळीत दिसतो. पातळ कागदातून मागची अक्षरं दिसत असतील तर पानाखाली पांढरा नव्हे, काळा कागद सरकवा. प्रत्येक खंडाच्या पहिल्या चौकटीत मोजपट्टी आणि रंगपट्टी हवी.

क्रम ठरवताना सर्वांत जुनं आधी, असं करू नका. एकोणिसाव्या शतकातला चिंध्यांच्या लगद्याचा कागद पुष्कळदा 1940 च्या दशकातल्या न्यूजप्रिंटपेक्षा भक्कम असतो. लाकडाच्या लगद्यात लिग्निन राहतं, त्यामुळे आम्ल तयार होतं आणि कागद आतून ठिसूळ होत जातो. दुसऱ्या महायुद्धाच्या कागदटंचाईतले अंक आधी हातात घ्या. पान उलटताना कोपरा तुटतो ते खंड पहिले, बाकीचे थांबतील. फाटलेल्या जागी सेलोटेप नको. तिचा गोंद तपकिरी होऊन अक्षरात मुरतो. जपानी टिश्यू आणि गव्हाची पातळ खळ वापरा, म्हणजे दुरुस्ती पुढे पाण्याने सोडवता येते.

जुळारी

दफ्तरबंद यांच्याशी एका ठिकाणी मतभेद. बांधणी कधीच उसवू नये असं नाही. शिवण आतल्या समासाच्या इतकी आत गेली असेल की पहिल्या स्तंभाची अक्षरं दिसतच नाहीत, आणि खंड तसाही पुन्हा बांधावा लागणार असेल, तर दोरा कापून शिवण उसवणं योग्य. पण कणा गिलोटिनने कापणं वेगळं आणि शिवण उसवणं वेगळं. कापलेल्या खंडाचा आतला समास कायमचा जातो. देकारात यातलं नेमकं काय अभिप्रेत आहे ते लेखी विचारा.

आता ओसीआर. टेसरॅक्ट या ओसीआर सॉफ्टवेअरमध्ये मराठीचं मॉडेल आहे, आणि आजच्या छपाईवर ते चांगलं चालतं. खिळ्यांच्या छपाईत अडचणी वेगळ्या. झिजलेल्या टाइपात शिरोरेषा तुटते आणि एका अक्षराची दोन होतात. 'ख' चा 'रव' होतो. घ-ध, भ-म, ब-व, ष-प या जोड्या सतत अदलाबदल होतात. वर्तमानपत्रात त्याहून मोठी चूक स्तंभांची असते. दोन स्तंभांमधली रेघ पुसट असली की ओळ थेट शेजारच्या स्तंभात शिरते आणि दोन बातम्या एकमेकींत मिसळतात. म्हणून आधी पान स्तंभांत तोडून घ्या, मग एकेक स्तंभ ओसीआरला द्या. मजकूर मराठी-इंग्रजी मिश्र असेल तर दोन्ही भाषा एकत्र निवडा. 1832 चा 'दर्पण' तर एका स्तंभात मराठी आणि शेजारी इंग्रजी असाच छापला जाई. तिथे स्तंभागणिक भाषा ठरवली की निकाल बराच सुधारतो.

अचूकता अंदाजाने ठरवू नका. वेगवेगळ्या दशकांतली वीसेक पानं हाताने शुद्ध करा, ओसीआरशी ताडून दर शंभर अक्षरांत किती चुका येतात ते काढा. मग कुठल्या दशकाचं मुद्रितशोधन माणसांनी करायचं ते आपोआप कळतं. निकाल साध्या मजकुरात ठेवू नका. एचओसीआर किंवा ऑल्टो स्वरूपात घ्या, त्यात प्रत्येक शब्दाची पानावरची जागा नोंदलेली असते. ती नसेल तर शोधलेला शब्द पानावर ठळक करून दाखवता येत नाही, आणि एवढ्या मोठ्या पानावर वाचक हरवतो.

यापुढचा मुद्दा डिजिटायझेशनच्या बहुतेक योजनांत राहून जातो, आणि तुमचा मुख्य हेतू त्यावरच अवलंबून आहे. 1962 च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीच्या अंकांत 'नांव', 'कांहीं', 'केलें', 'पाणी आलें नाहीं' असं लेखन आहे. आजचा वाचक 'नाव' आणि 'काही' शोधणार, त्याला शून्य निकाल मिळणार. मजकूर बदलू नका, तो छापला तसाच राहिला पाहिजे. शोधासाठी वेगळी अनुक्रमणी करा आणि तिच्यात, तसंच वाचकाच्या प्रश्नातही, अनुस्वार गाळून तुलना करा. याने 'वंश' शोधताना 'वश' सुद्धा येईल. म्हणून तंतोतंत जुळणारे निकाल वर आणि सैल जुळणारे खाली, अशी क्रमवारी लावा. 'घरांत' सारख्या रूपाला मात्र इलाज नाही. जुन्या लेखनात ते एकवचन, नव्यात अनेकवचन. दोन्ही निकाल दाखवा.

किर्लोस्कर मासिकांनी वापरलेली अ ची बाराखडी (अि, अु, अे) तुमच्या मासिकात असेल तर अनुक्रमणीत ती इ, उ, ए शी जोडा. 'ऱ्या', 'ऱ्हा' मधला अर्धा र दोन पद्धतींनी साठवला जातो : एक ऱ या स्वतंत्र अक्षराने, दुसरा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह यांनी. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, यंत्राला मात्र ते वेगळे. युनिकोडचं नेहमीचं एनएफसी प्रमाणीकरण हा फरक मिटवत नाही. त्यासाठी नियम हाताने लिहावा लागतो.

वाचनवेल

फारच उपयोगी. बांधणीबद्दल विचारते. दोन गोष्टी राहिल्या : एका खंडाची एक पीडीएफ का नको, आणि हक्कांचं काय?

नोंदपत्र

खंड ही बांधणाऱ्याची सोय आहे, वाचकाचा संदर्भ अंकाचा असतो. संशोधक 'अमुक साप्ताहिक, अमुक तारीख, पान 3' असं लिहितो. 52 अंकांची एकच पीडीएफ दिली की तो संदर्भ कुठेच पोचत नाही. शिवाय उघडायला तीही जडच. नोंद अंकाची करा : नाव, वर्ष, अंक, तारीख, संपादक, मुद्रक, छापखान्याचं गाव, पृष्ठसंख्या, मूळ प्रत कुठे आहे. संशोधन-त्रैमासिकाची नोंद मात्र लेखाची हवी, कारण तिथे लोक लेखक आणि विषय यांवरून शोधतात.

नाव देवनागरीत लिहा आणि रोमन रूप जोडीला द्या. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाची पुस्तकं इंटरनेट आर्काइव्हवर आहेत, पण त्यांतल्या पुष्कळ मराठी पुस्तकांची नावं फक्त रोमनमध्ये आणि हव्या तशा स्पेलिंगने आहेत. पुस्तक जागेवर असूनही देवनागरीत शोधणाऱ्याला ते सापडत नाही.

तारखांची गफलत हमखास होते. अंकावर फक्त शके असेल तर चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत 78 मिळवा, जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत 79. पडताळ्याला केसरी घ्या : पहिला अंक 4 जानेवारी 1881 चा, तेव्हा शके 1802 चालू होतं. काही नियतकालिकांचं 'वर्ष' त्यांच्या स्थापनेच्या महिन्यापासून बदलतं, तेव्हा वर्ष 7 म्हणजे एकच इसवी सन असं गृहीत धरू नका. छापील तारीख जशी आहे तशी एका रकान्यात आणि काढलेली इसवी तारीख दुसऱ्यात.

न सापडलेल्या अंकांचीही नोंद करा. 'अंक 14 फाईलमध्ये नाही' आणि 'अंक 14 निघालाच नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुढच्या अंकातला अनुक्रमांक आणि दिलगिरीची चौकट पाहिली की बहुधा उलगडा होतो. नियतकालिक कधी निघालं, नाव कधी बदललं यासाठी शंकर गणेश दाते यांची सूची हाताशी ठेवा.

हक्कनोंद

हक्क अंकाला एकगठ्ठा नसतात, मजकुरागणिक असतात. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं, तीही पुढच्या 1 जानेवारीपासून मोजून. साने गुरुजी 1950 मध्ये गेले, त्यांचं हयातीत छापलेलं लेखन 1 जानेवारी 2011 पासून मुक्त आहे. निनावी मजकुराला प्रकाशनापासून 60 वर्षं. साप्ताहिकातल्या बहुतेक बातम्या निनावी असतात, त्यामुळे तुमच्या जुन्या फायलींचा मोठा भाग यात बसतो. टोपणनावालाही हाच नियम, पण खरं नाव मुदतीच्या आत जाहीर झालं असेल तर मोजणी मृत्यूपासून होते.

पगारी संपादकाने लिहिलेल्या मजकुराचा नियतकालिकात छापण्यापुरता हक्क, वेगळा करार नसेल तर, मालकाचा. बाहेरच्या लेखकाने पाठवलेली कथा किंवा लेख लेखकाचाच राहतो. म्हणून मासिकाच्या मालकांनी परवानगी दिली तरी प्रत्येक कथा नेटवर ठेवायला ती पुरत नाही. 

जतनासाठी स्कॅन करायला हक्क संपण्याची वाट पाहू नका. ग्रंथालय सार्वजनिक आणि बिगर-व्यापारी असेल आणि छापील प्रत त्याच्याकडे असेल, तर कलम 52(1)(एन) खाली जतनासाठी इलेक्ट्रॉनिक साठवण करता येते. सगळं स्कॅन करा, नेटवर मुक्त भागच ठेवा, उरलेल्याची सूची जाहीर करा. हयात नसलेल्या किंवा शोध न लागलेल्या लेखकांसाठी कलम 31ए मध्ये परवान्याची तरतूद आहे. प्रत्येक लेखकाच्या नावापुढे मृत्युवर्षाचा रकाना आजच ठेवा, म्हणजे दर 1 जानेवारीला काय खुलं करायचं ते यादीतूनच निघेल.

दफ्तरबंद

सीडींकडे कुणी वळलं नाही, आणि सगळ्यांत आधी जाणार त्या याच. लिहिलेल्या सीडीतला रंगद्रव्याचा थर विटतो आणि कागदासारखी आधी सूचना देत नाही. या आठवड्यातच प्रत्येक सीडीची पूर्ण प्रतिमा काढा, म्हणजे तिच्यातला सगळा डेटा जसाच्या तसा एका फाईलमध्ये उतरवा. चुका दाखवणाऱ्या सीडीला डीडीरेस्क्यू वापरा, ते खराब भाग बाजूला ठेवून आधी वाचता येणारा भाग उचलतं.

पेजमेकर फाईलबरोबर तिचा फॉन्टही जपा. श्रीलिपी, आकृती किंवा आयएसएमच्या जुन्या फॉन्टांत देवनागरी चिन्हं रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. फॉन्ट हरवला की उरतो तो निरर्थक रोमन मजकूर. इनडिझाइन या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरच्या सीएस6 पर्यंतच्या आवृत्त्या पेजमेकर 6 पासूनच्या फायली उघडतात. तिथून फॉन्ट अंतर्भूत करून पीडीएफ काढा, म्हणजे पानाचं रूप टिकेल. शोधासाठी मजकूर युनिकोडमध्ये बदलावा लागेल, आणि प्रत्येक फॉन्टकुळाचा परिवर्तक वेगळा. बदलल्यावर ऱ्हस्व वेलांटी आणि रफार खास तपासा. जुन्या फॉन्टात वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार नंतर टंकला जाई, युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उलटा. ढिसाळ परिवर्तक हे दोनच सोडून बाकी सगळं बरोबर करतो. तळटीपांचे आकडे आणि संस्कृत जोडाक्षरं छापील अंकाशी ताडून पाहा.

या फायली आणि टिफ, सगळ्यांच्या तीन-तीन प्रती ठेवा : दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या गावात. प्रत्येक फाईलचा शा-256 चेकसम (फाईलमधल्या मजकुरावरून काढलेला, ती बदलली की बदलणारा आकडा) पहिल्याच दिवशी काढून यादीत नोंदवा आणि दर सहा महिन्यांनी तिन्ही प्रती त्या यादीशी पडताळा. एखादी फाईल जुळली नाही तर चांगल्या प्रतीवरून लगेच बदला. पडताळणी न करता बिघडलेल्या फाईलची नवी नक्कल काढत राहिलात, तर तिन्ही ठिकाणी तीच बिघडलेली फाईल बसेल.