आधी फोटो, मग प्रश्न

एकांनी म्हटलंय की म्हाताऱ्यांच्या मुलाखतीत तारखांचा घोळ असतो, मग गिरणगावचा, म्हणजे मुंबईतल्या कापड गिरण्यांच्या वस्तीचा, इतिहास त्यातून काय कळणार. अहो तारखा पेपरात आहेतच की! गिरणी कामगारांचा संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला, नेते डॉ. दत्ता सामंत, अडीच लाखाच्या आसपास कामगार, सगळं छापून आलंय. पण लालबागच्या एवढ्याशा खोलीत पंधरा-वीस गाववाले कसे राहायचे, रात्रपाळीवाला घरी आला की दिवसपाळीवाल्याची वळकटी कुठे जायची, हे कुठल्या पेपरात मिळणार?

माझे मोठे काका गिरणीत साचेखात्यात होते, म्हणजे कापड विणायच्या मागांवर. मोबाईलवर रेकॉर्डिंग लावून "गिरणीबद्दल सांगा ना" म्हटलं तर दोन मिनिटांत गप्प. मग ट्रंकेतला एक ग्रुप फोटो हातात दिला आणि तासभर थांबेचनात, हा जॉबर (मुकादम), हा बदली (कायम नसलेला कामगार), हा आमच्या खानावळीतला, हा संपात गावी गेला तो परत आलाच नाही... रेकॉर्डिंग ऐकताना लक्षात आलं की ते सगळं ओरडूनच बोलतायत, साच्यांच्या आवाजात कान गेलेत ना.

आणि कामगारांना जेवण करून घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांना विसरू नका प्लीज, सगळेजण फक्त पुरुषांच्या मुलाखती घेतात. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते यांच्यासाठीच.

हो, फोटो स्कॅन करताना मागची बाजूपण करा. आमच्या त्या फोटोमागे पेन्सिलने उधारीचा हिशोब निघाला, तांदूळ, रॉकेल, आणि खाली दोनदा खोडलेला आकडा.