पोटनिवडणुकीवरून दिल्लीची हवा सांगणं आता बंद करा

पेठेतला:
काल कुणीतरी ठासून लिहिलंय की पोटनिवडणूक म्हणजे शितावरून भाताची परीक्षा, पुढच्या लोकसभेत काय होणार ते त्यातच दिसतं. मी पुण्याच्या कसब्यात राहतो, हे वाचून डोकंच फिरलं. मार्च २०२३ च्या पोटनिवडणुकीत काँग्रेसचे धंगेकर साधारण अकरा हजारांनी आले तेव्हा चॅनेलवाले दिवसभर ओरडत होते, भाजपचा २८ वर्षांचा गड पडला, देशात वारं फिरलं. अहो, इथे काय चाललं होतं ते आम्हाला विचारा ना! आमदार मुक्ताताई टिळक वारल्या, टिळकांच्या घरात तिकीट दिलं नाही म्हणून पेठांतली हक्काची माणसं रुसून बसली. खासदार बापटसाहेबांना आजारी अवस्थेत, नाकाला ऑक्सिजनची नळी, व्हीलचेअरवर प्रचाराला आणलं ते आमच्या घरात तरी कुणालाच बघवलं नाही. घरपट्टीतली ४० टक्के सवलत काढल्याचा राग वेगळाच. आणि समोर मनसेत असल्यापासून वाड्यावाड्यात जाणारा माणूस. यात दिल्ली आली कुठून? पुढच्या वर्षी लोकसभेला तेच धंगेकर भाजपच्या मोहोळांकडून सव्वा लाखाच्या आसपास हरले, नोव्हेंबर २०२४ ला याच कसब्यात भाजपच्या रासनेंनी त्यांना १९ हजारांनी पाडलं, आणि २०२५ मध्ये ते शिंदेंच्या सेनेत गेले. आता यातून देशाचा कल काढून दाखवा.

जुनाजाणता:
ते वाक्य माझंच होतं आणि मी ते मागे घेत नाही. तुमच्या गल्लीपलीकडे जरा बघा. १९७८ ला चिकमंगळूरमधून इंदिराबाई निवडून आल्या, त्याच वर्षी आझमगडला काँग्रेसच्याच मोहसिना किडवई आल्या, आणि १९८० ला काँग्रेस परत सत्तेत. १९८८ ला अलाहाबादला व्ही. पी. सिंग जिंकले, दीड वर्षात राजीव गांधी पायउतार. १९६३ ला कृपलानी, लोहिया आणि मसानी हे काँग्रेसविरोधी नेते तिघेही पोटनिवडणुकीतून लोकसभेत पोचले आणि १९६७ ला काँग्रेसची किती राज्यं गेली ते सगळ्यांना माहितीये. आणि कसब्याचं म्हणाल तर धंगेकर स्वतः पडले असतील, पण २०२४ ला महाराष्ट्रात ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीला मिळाल्याच ना? मग कसब्याने खोटं काय सांगितलं?

पेठेतला:
जुळलेली तेवढीच सांगायची, न जुळलेली गिळायची. मार्च २०१८ ला उत्तर प्रदेशात गोरखपूर आणि फुलपूर दोन्ही सपाने घेतल्या, म्हणजे खुद्द मुख्यमंत्री आणि उपमुख्यमंत्र्यांनी सोडलेल्या जागा! मे महिन्यात कैराना गेलं. तेव्हा तुमच्यासारख्यांनीच २०१९ चा निकाल लिहून ठेवला होता. झालं काय? भाजप ३०३. राजस्थानचं बघा, २०१८ च्या सुरुवातीला अजमेर, अलवर, मांडलगड तिन्ही काँग्रेसने जिंकल्या, वर्षअखेरीला राज्यही जिंकलं, आणि पाच महिन्यांत लोकसभेच्या पंचवीसच्या पंचवीस जागा गमावल्या. राज्य सरकारवरचा राग कळतो एकवेळ, तेवढं मी मान्य करतो. दिल्लीचं काही कळत नाही. आणि ४८ पैकी ३० म्हणता, मग सहाच महिन्यांत विधानसभेला महायुती सव्वादोनशेच्या पुढे गेली ते कुठल्या पोटनिवडणुकीत दिसलं होतं? उलट जुलै २०२४ ला देशभरात १३ जागांच्या पोटनिवडणुका झाल्या, त्यातल्या १० इंडिया आघाडीने जिंकल्या, आणि त्यानंतर हरियाणा भाजपने पुन्हा जिंकलं.

गोदाकाठ:
काय सांगालाव राव तुम्ही दोघं, नांदेडचं कुणी नावच घेईना. नोव्हेंबर २०२४, एकच दिवस, एकच केंद्र, एकच रांग, आणि दोन मशीन. वसंतराव चव्हाण वारले म्हणून लोकसभेची पोटनिवडणूक विधानसभेसोबतच लागली. लोकसभेला त्यांचा मुलगा काँग्रेसकडून १,४५७ मतांनी आला आणि त्याच लोकसभेतल्या सहाच्या सहा विधानसभा महायुतीकडे. आमच्या घरातच आईने विधानसभेला लाडक्या बहिणीचं सरकार म्हणून एक बटण दाबलं आणि लोकसभेला चव्हाणांच्या लेकाला मत दिलं, "बिचाऱ्याचा बाप गेला" म्हणून. तिच्या मनात काहीच गोंधळ नव्हता. आता तिच्या मतावरून तुम्ही देशाचा कल काढणार का राज्याचा?

मीनल_के:
कल कळतो का नाही यावर भांडताय, पण सरकार स्वतः पोटनिवडणुका वाचतं ते दिसत नाही का? २ नोव्हेंबर २०२१ ला हिमाचलमध्ये मंडी लोकसभा आणि तिन्ही विधानसभांच्या पोटनिवडणुका भाजप हरला, त्यांच्याच मुख्यमंत्र्यांनी महागाईचं कारण दिलं, आणि दुसऱ्याच दिवशी केंद्राने पेट्रोलवर ५ आणि डिझेलवर १० रुपये ड्युटी कमी केली. आणि पेठेतले, तुमची ती ४० टक्के सवलत परत द्यायचं कधी ठरलं? कसब्याचा निकाल लागला त्याच महिन्यात. वर्षानुवर्षं अर्ज केले तेव्हा कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. मला भविष्य सांगणारी पोटनिवडणूक नकोच, मधेच कान धरणारी हवी आहे.

वऱ्हाडी:
कान धराले निवडणूक तर झाली पाहिजे ना ताई! आमच्या अकोला पश्चिमचे आमदार नोव्हेंबर २०२३ मध्ये वारले. पोटनिवडणूक जाहीर झाली, उमेदवार फिराले लागले, आणि हायकोर्टात रद्द झाली, कारण निवडून येणाऱ्याले पुरतं एक वर्षही भेटत नव्हतं. वर्षभर आम्ही बिनआमदाराचे. तिकडे चंद्रपूरचे खासदार धानोरकर मे २०२३ ले गेले, तिथंही झाली नाही. जी झालीच नाही तिच्यातून कोणता कल काढता?

पेठेतला:
हे बरोबर आहे आणि पुण्याचं तर याहून वाईट. बापटसाहेब २९ मार्च २०२३ ला गेले, लोकसभेची मुदत जून २०२४ पर्यंत, म्हणजे वर्षापेक्षा जास्त काळ शिल्लक. कायद्यात सहा महिन्यांत घ्या असं स्वच्छ आहे. आयोग म्हणे इतर निवडणुकांच्या कामात आहोत. आणि मे २०२३ मध्ये जालंधरला लोकसभेची पोटनिवडणूक घ्यायला वेळ होता! डिसेंबरमध्ये हायकोर्टाने घ्या म्हणून सांगितलं, जानेवारीत सुप्रीम कोर्टाची स्थगिती. चौदा महिने पुण्याला खासदार नाही. महापालिकेत तर मार्च २०२२ पासून नगरसेवकच नव्हते.

जुनाजाणता:
भावना समजू शकतो, पण खासदार नसल्याने तुमचं नेमकं काय अडलं? पाणी, कचरा, रस्ते यातलं काय खासदार करतो? उगाच विषय भरकटवताय.

मीनल_के:
काय अडलं? सांगते. माझ्या सासऱ्यांना त्या वर्षी कॅन्सर निघाला. पंतप्रधान मदतनिधीच्या अर्जाला खासदाराचं पत्र जोडा, लवकर होतं, असं हॉस्पिटलमधल्या बाईंनी सांगितलं. कुणाचं आणू? एका कार्यालयात गेले तर तुमचा मतदारसंघ आमचा नाही, दुसरीकडे साहेब दौऱ्यावर. नवरा नोकरी सांभाळून फिरत होता, मी केमोच्या वॉर्डात. शेवटी दागिने ठेवले. तुम्ही १९६३ पासूनचे निकाल पाठ सांगता आणि विचारता काय अडलं! तुमच्यासाठी पोटनिवडणूक म्हणजे निकालाच्या रात्रीची चर्चा असेल, आम्हाला त्या खुर्चीत माणूस हवा होता.

वऱ्हाडी:
ताई, एकदम बरोबर. या लोकायले आकडे पाहिजे, माणूस नाही पाहिजे.

जुनाजाणता:
मीनलताई, तुमच्या घरातलं मला माहीत नव्हतं, वाईट वाटलं. पण वऱ्हाडी, तुम्ही मला माणूस नको असं म्हणू नका. मी ४० वर्षं मतमोजणीला पक्षाचा प्रतिनिधी म्हणून बसलोय, एकेका गावाचं मत हाताने लिहून घेतलंय, म्हणून बोलतोय. गोरखपूरचं आणि नांदेडचं उत्तर माझ्याकडे नाही, घ्या. पण अलाहाबाद अपघात होता हे मी मरेपर्यंत मानणार नाही. तिथे एका जागेसाठी जवळपास सगळे विरोधी पक्ष एक झाले होते आणि बोफोर्स तोफांचं लाचप्रकरण घराघरात पोचलं होतं.

पेठेतला:
मग तेच तर म्हणतोय! लढतच दिल्लीच्या प्रश्नावर झाली म्हणून दिल्लीचं कळलं. चिकमंगळूरला तर माजी पंतप्रधान उभ्या होत्या. कसब्यात कोण उभं होतं? वाडे पडायला आलेत, पुनर्विकास होत नाही, गाडी लावायला जागा नाही, यावर झालेल्या मतदानातून संसद कशी दिसणार?

जुनाजाणता:
ठीक आहे, सगळ्या नाही, काही पोटनिवडणुका. एवढंच देतो, जास्त नाही.

गोदाकाठ:
आणि कुठल्या "काही" ते निकाल लागल्यावरच कळणार, असंच ना काका?

मीनल_के:
ते तुम्ही ठरवत बसा. जागा रिकामी झाली की सहा महिन्यांत निवडणूक नाही घेतली तर कुणाला जाब विचारायचा, यावर कुणी कायद्यातलं जाणणारा असेल तर लिहा. मला ते हवंय.