विषय: गणपतीच्या प्रसादासाठी ४०० टोट बॅग्ज – मत कळवा

प्रेषक: सेक्रेटरी

नमस्कार मंडळी,

गणपती जवळ आलेत, हॉल बुक झालाय, स्वयंपाकाची टीम पण ठरलीय. एक गोष्ट सगळ्यांना विचारून मगच करावी म्हणून हा मेल. दरवर्षी आपण प्रसाद झिपलॉकमध्ये भरतो आणि ते पाकीट वर आणखी एका हँडलवाल्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून देतो. ४ मे २०२२ पासून न्यू जर्सीत दुकानांमधून या पिशव्या बंद झाल्या, थर्माकोलच्या प्लेट्सही त्याच कायद्यात गेल्या, त्या आपण लगेच बदलल्या, पण पिशव्यांचा एक जुना खोका आपल्या स्टोरेज युनिटमध्ये पडून होता तो आपण अजून संपवतोच आहोत. हे मला स्वतःला बरं वाटत नाही.

म्हणून कमिटीत असं निघालं की ४०० कॉटनच्या टोट बॅग्ज, म्हणजे खांद्याला अडकवायच्या कापडी पिशव्या, छापून घ्यायच्या, एका बाजूला बाप्पा आणि मंडळाचा लोगो, दुसऱ्या बाजूला स्पॉन्सरचा. स्पॉन्सर सगळा खर्च करायला तयार आहे, मंडळाच्या खिशातून काही जाणार नाही. ऑर्डर रविवारी द्यायचीय, कोणाची हरकत असेल तर त्याआधी सांगा.

---

प्रेषक: एक सभासद (मुलांच्या कार्यक्रमाची टीम)

सेक्रेटरीदादा, हेतू चांगला आहे, आणि तो जुना खोका आता बंद करायचा याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. पण प्लीज ही ४०० बॅगांची ऑर्डर देऊ नका.

तुमचा मेल वाचल्यावर मी उठून कोट क्लोजेट उघडलं आणि पिशव्या मोजल्या. ४३ निघाल्या. कापडी ११, त्यातल्या चार ऑफिसच्या कॉन्फरन्सच्या, दोन लायब्ररीच्या, एक मुलाच्या ५के रनची, आणि तीन आपल्याच मंडळाच्या. बाकीच्या ३२ त्या निळ्या-हिरव्या, जाडसर, शिवलेल्या हँडलवाल्या. त्या मी विकत घेतल्याच नाहीत, ग्रोसरीची ऑर्डर ऑनलाइन दिली की दर वेळी चार-पाच नवीन येतात, कारण २५०० चौरस फुटांपेक्षा मोठ्या ग्रोसरी स्टोअरला आपल्याकडे कागदी पिशवी पण देता येत नाही, मग सामान घरी पाठवायचं तर ते कशात घालणार, त्या रियुजेबल बॅगमध्येच. हाताला कापडासारखी लागते पण ती पॉलीप्रॉपिलीन आहे, म्हणजे प्लास्टिकच. कायद्यात लिहिलंय की अशी पिशवी पुन्हा पुन्हा वापरता येईल अशी बनवलेली असली पाहिजे. माझ्याकडच्या ३२ पैकी २५ एकदाच वापरल्या गेल्यात, माझ्या दारापर्यंत सामान आलं तेवढ्याच. पातळ पिशवी गेली आणि तिच्या जागी जाड पिशवी एकदाच वापरली जायला लागली, हे मला खूप लागलं.

आता कॉटनबद्दल. ब्रिटनच्या पर्यावरण खात्याने, म्हणजे एन्व्हायर्नमेंट एजन्सीने, २०११ मध्ये एक अभ्यास छापला होता. त्यात पिशवी बनवण्यापासून फेकण्यापर्यंत हवामानावर होणारा परिणाम मोजला, आणि साध्या पातळ प्लास्टिक पिशवीच्या बरोबरीला यायला दुसरी पिशवी किती वेळा वापरावी लागते ते काढलं. कागदी ३ वेळा, ती जाडसर पॉलीप्रॉपिलीनची ११ वेळा, आणि कॉटनची १३१ वेळा! कापूस पिकवायला पाणी आणि खतं लागतात, मग कातणं, विणणं, रंग, आणि एवढं करून पिशवी वजनाने पातळ पिशवीच्या कितीतरी पट. १३१ वेळा म्हणजे दर आठवड्याला बाजाराला नेली तरी अडीच वर्षं. आणि हे एकाच बॅगचं झालं, माझ्याकडे कापडीच ११ आहेत, त्या सगळ्यांचे १३१ फेरे व्हायला माझं अख्खं आयुष्य जाईल.

हे गणित फक्त हवामानाचं आहे, कचऱ्याचं नाही, हेही सांगते. नदीत गेलेली, झाडाला अडकलेली, कासवाच्या पोटात गेलेली पिशवी या हिशोबात येत नाही, आणि तिथे कापडीच बरी यात वादच नाही, आपल्याकडची बंदी मला हवीच आहे. म्हणणं इतकंच की जी कापडी पिशवी घरात आधीच आहे ती वापरायची, नवीन ४०० बनवायच्या नाहीत.

अजून एक. गेल्या दिवाळीला आपण मुलांना अशाच छापील बॅगा दिल्या, आणि रात्री हॉल आवरताना मी आणि अजून दोघीजणी खुर्च्यांखालून त्या गोळा करत होतो, कितीतरी कोऱ्याच होत्या, घडी पण मोडली नव्हती. त्यातल्याच तीन माझ्या क्लोजेटमध्ये आहेत.

माझी सूचना अशी, की निमंत्रणातच लिहा, "प्रसादासाठी घरून डबा आणि पिशवी आणा." बस.

---

प्रेषक: काका (आजीव सभासद)

ताईंचं म्हणणं पटतंय, पण दोन शंका आहेत, रागवू नका.

पहिली म्हणजे त्या पातळ पिशव्या मी कधीच फेकल्या नाहीत, बाथरूमच्या आणि किचनच्या छोट्या डब्याला लावायचो. आता बंद झाल्या तर मी त्याच मापाच्या पिशव्यांचा रोल विकत आणतो. म्हणजे प्लास्टिक जिथल्या तिथेच राहिलं आणि वर पैसे गेले. मग फायदा काय झाला? ओळखीच्या अनेक घरांत हेच चालू आहे.

दुसरी, साडेतीनशे माणसं येणार. निम्मी डबा विसरणार. आरती झाल्यावर हातात गरम शिरा घेऊन लोक उभे राहणार का? पाहुण्याला प्रसादाशिवाय परत पाठवायचं हे मला जमायचं नाही.

---

प्रेषक: एक सभासद (मुलांच्या कार्यक्रमाची टीम)

काका, रागवायचं काय त्यात, तुमचा मुद्दा खरा आहे आणि त्याच अभ्यासात तो मोजलाय. पातळ पिशवी प्रत्येक वेळी कचऱ्याच्या डब्याला लावली असं धरलं तर कॉटनचा आकडा १३१ वरून ३२७ वर जातो. म्हणजे तुम्ही जे करत होता ते बरोबरच होतं. पण सगळे तसं करत नव्हते, तुमच्या घरामागच्या हायवेच्या कुंपणाला पिशव्या फडफडायच्या त्या आठवतात ना, मला तर या दोन-तीन वर्षांत तिथे फरक दिसतो.

डब्याला लावायला मी आता ब्रेडची पिशवी, तांदळाच्या पोत्याच्या आतलं प्लास्टिक, टॉयलेट पेपरच्या गठ्ठ्याचं आवरण, हे वापरते. ओला कचरा कंपोस्टला जातो, त्यामुळे किचनच्या डब्यात ओलं काही पडतच नाही, आणि छोट्या डब्याला पिशवी लावायची गरज माझी तरी अर्ध्यावर आली. रोल अजून आणते, पण पूर्वी महिन्याला एक लागायचा तो आता तीन-चार महिने पुरतो.

विसरणाऱ्यांचं मात्र माझ्याकडे उत्तर नाही. कोणी सुचवा.

---

प्रेषक: काकू (ठाणे, सध्या मुलाकडे, टाइप मुलगा करतोय)

सगळ्यांना नमस्कार. मी तुमच्या मंडळाची सभासद नाही, सहा महिन्यांसाठी आलेय, पण लेकाने हे मेल वाचून दाखवले आणि राहवलं नाही.

२६ जुलै २००५ ला मी कुर्ल्याला नोकरीला होते. दुपारी निघाले ती ठाण्याला घरी पोचले दुसऱ्या दिवशी सकाळी, चालत, कंबरभर पाण्यातून, एका अनोळखी बाईचा हात धरून. सांताक्रूझला त्या दिवशी ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, एवढ्या पावसाला कुठलंच गटार पुरलं नसतं हे मला कळतं. पण पाणी ओसरल्यावर आमच्या गल्लीतल्या गटाराची झाकणं काढली तेव्हा आतून जे निघालं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. चिखल कमी आणि पिशव्या जास्त, एकात एक गुंतून त्यांचे दोरखंड झाले होते, दोन माणसं ओढत होती तरी येईनात. त्यानंतर सरकारने ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्या बंद केल्या. मग २०१८ साली सगळ्याच कॅरी बॅग बंद, जून महिन्यात दंड सुरू झाला, पहिल्यांदा पकडलं तर पाच हजार रुपये. महिनाभर काय शिस्त होती! कोळीण सांगायची डबा आणा, वाणी सांगायचा पिशवी आणा. मग हळूहळू भाजीच्या गाडीखालून पातळ पिशवी परत यायला लागली, आणि मागणारे आपणच, गाडीवाला स्वतःहून देत नव्हता. भाजीवाल्याला दोष देऊन काही होत नाही, आपण "दे रे एक पिशवी" म्हणणं सोडलं तरच होतं.

आमच्या लहानपणी दाराच्या खुंटीला एक पिशवी कायम टांगलेली असायची. मांजरपाटाची नाहीतर ती वायरची विणलेली, लाल-हिरवी. बाहेर पडताना हात आपोआप तिकडे जायचा. इथे मी बघते, पिशव्या आहेत पण त्या कपाटात नाहीतर गाडीच्या डिकीत. डिकीतली पिशवी दुकानात शिरल्यावर आठवते. ती पुढच्या सीटवर ठेवा.

आणि विसरणाऱ्यांसाठी मी पिशव्या शिवून देते. नवीन कापड नको. जुन्या कॉटनच्या साड्या, पडदे, उशांचे अभ्रे, लहान मुलांचे झालेले कुडते द्या. एका नऊवारीच्या मी मध्यम मापाच्या बारा-तेरा पिशव्या काढते, काठाचे बंद करते, बंद तुटत नाहीत. लेकाच्या घरी मशीन आहे, दुपारी मला काम नसतं. शंभर सहज होतील.

---

प्रेषक: एक सभासद (युवा टीम)

काकूंचा मेल मी दोनदा वाचला. मला काकूंकडून शिवायला शिकायचंय, शनिवारी येऊ का?

माझा मुद्दा थोडा बाजूचा आहे पण याच विषयातला आहे, आणि मला वाटतं आपली खरी प्लास्टिकची सवय आता तिथे आहे. चेकआउटची पिशवी गेली पण भाजीच्या शेल्फजवळचा तो रोल आहे तसाच आहे, कारण सुटी भाजी, मासे-मटण, औषधं यांच्या पिशव्यांना कायद्यात सूट आहे. आणि आपलं भाजी घेणं बघा, कोथिंबीर एका पिशवीत, मेथी दुसरीत, भेंडी तिसरीत, चार मिरच्या चौथीत, आल्याचा एक तुकडा पाचवीत. ओक ट्री रोडवर, आपल्या देशी दुकानांच्या रस्त्यावर, आठवड्याची भाजी घेतली तर माझ्या घरी दहा-बारा पिशव्या यायच्या, आणि त्या ओल्या असतात म्हणून रिसायकलला पण जात नाहीत. आता मी जाळीच्या पिशव्या नेतो, त्यांचं वजन इतकं कमी की काट्यावर फरक पडत नाही, आणि काकडी, दुधी, नारळ, फ्लॉवर असलं तर पिशवीच घेत नाही, तसंच काट्यावर ठेवतो. पहिल्या वेळी काउंटरवरच्या मावशी जरा गोंधळल्या, आता त्या मागच्या माणसाला पण सांगतात की सुटं ठेवा चालतं. कोथिंबीर घरी आल्यावर ओलसर पंचात गुंडाळून डब्यात घातली की प्लास्टिकपेक्षा जास्त टिकते, हे आजीचंच आहे.

आम्ही नेहमी जातो त्या दुकानाच्या मालकांशी बोललो. ते दारात एक खोका ठेवायला तयार आहेत, ज्यांच्याकडे जास्तीच्या पिशव्या आहेत त्यांनी टाकायच्या, जो विसरला त्याने घ्यायच्या. ताईंच्या ४३ पैकी निदान ३० तिथे जाऊ देत! धुऊन टाकायच्या एवढी एकच अट त्यांनी घातलीय, विशेषतः ज्यातून मासे-चिकन आणलं असेल त्या.

---

प्रेषक: सेक्रेटरी

मंडळी, टोट बॅगांची ऑर्डर रद्द केलीय.

स्पॉन्सरशी काल बोललो. आधी जरा नाराज झाले, लोगो कुठे दिसणार हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. मी त्यांना ताईंचे आकडे आणि काकूंचा मेल वाचून दाखवला. त्याच पैशात मंडळासाठी स्टीलच्या ताटल्या आणि वाट्या घ्यायच्या असं सुचवलंय, त्यांचं नाव मांडवातल्या बोर्डावर राहील. निम्म्या रकमेला हो म्हणालेत, उरलेल्याचं पुढच्या आठवड्यात कळेल. स्टील आलं तर धुवायला माणसं लागतील, त्यासाठी दर शिफ्टला सहा जण हवेत, नावं पाठवा.

निमंत्रणात डबा आणि पिशवी आणायची ओळ अगदी वर, आरतीच्या वेळेच्या खाली घातलीय. काकांची काळजी लक्षात आहे, प्रसादाशिवाय कोणी जाणार नाही. विसरणाऱ्यांना कोरडा प्रसाद, म्हणजे पंचखाद्य आणि लाडू, कागदाच्या पुडीत बांधून काकूंच्या पिशवीतून देऊ. शिरा तिथेच खायला, वाटीत.

स्टोरेजमधला जुना खोका मी सुपरमार्केटच्या दारातल्या प्लास्टिक फिल्मच्या डब्यात नेऊन टाकतोय. घरच्या रिसायकलिंगमध्ये पिशव्या टाकू नका, सॉर्टिंगच्या मशीनमध्ये गुंडाळल्या जातात आणि मशीन थांबवून हाताने कापून काढाव्या लागतात.

साड्या आणि पडदे शुक्रवारी संध्याकाळी सहानंतर माझ्या गॅरेजमध्ये आणून द्या, धुतलेले आणि फक्त कॉटन, काकूंनी सिल्क आणि जॉर्जेट नको म्हणून सांगितलंय. शिवायला चौघीजणी आणि युवा टीममधले दोघं येतायत. मशीन एकच आहे, अजून एक मिळालं तर हवंय. कात्र्या पण आणा.