मदत हवी आहे : थिएरी ब्रतों, कंपनीचा सीईओ थेट अर्थमंत्री, मग फाइलींवर सही कोणाची?

नमस्कार मंडळी,

फ्रेंचच्या बॅचमध्ये दहा मिनिटं बोलायचंय आणि मी विषय घेतलाय थिएरी ब्रतों, फ्रान्सचा 2005-07 चा अर्थमंत्री. पुण्यातल्या आयटीवाल्यांना आठवत असेल, 2018 ला अटॉस या फ्रेंच आयटी कंपनीने सिंटेल घेतली तेव्हा अटॉसचा सीईओ हाच (मी तेव्हा सिंटेलमध्येच होतो, म्हणून हा विषय).

मूळचा इंजिनिअर. आधी बुल ही कॉम्प्युटर कंपनी, मग 1997 ला थॉमसन मल्टिमीडिया ही टीव्ही बनवणारी सरकारी कंपनी, जी आदल्याच वर्षी सरकार एका फ्रँकमध्ये कोरियाच्या देवूला देऊन मोकळं व्हायला निघालं होतं, ती याने रुळावर आणली. 2002 ला फ्रान्स टेलिकॉम, कर्ज जवळपास 70 अब्ज युरो!! त्यावर याचा प्लॅन म्हणजे 15 अब्जांचं कर्ज पुढे ढकलायचं, 15 अब्ज नवं भांडवल आणायचं (त्यात 9 सरकारचे) आणि 15 अब्ज कंपनीच्याच कारभारातून काढायचे. इथपर्यंत सगळं नीट सापडलं.

अडलंय पुढे. फेब्रुवारी 2005 मध्ये अर्थमंत्री गेमार यांना सरकारी खर्चाच्या महागड्या फ्लॅटवरून राजीनामा द्यावा लागला आणि राष्ट्राध्यक्ष शिराकनी ब्रतोंला त्या जागी मंत्री केलं. तिकडे मंत्री खासदार असावा लागत नाही, उलट मंत्री झालं की खासदारकी सोडावी लागते (फ्रेंच राज्यघटनेचं कलम 23), त्यामुळे आपल्यासारखी सहा महिन्यांत निवडून यायची भानगड नाही. ठीक. पण फ्रान्स टेलिकॉममध्ये तेव्हाही सगळ्यात मोठं भागधारक सरकारच होतं आणि जून 2005 ला सरकारने तिचे आणखी शेअर विकले, म्हणजे फेब्रुवारीपर्यंत जो कंपनी चालवत होता तोच आता शेअर विकणाऱ्या खात्याचा मंत्री! मग अशा फाइली पंतप्रधानांकडे जायच्या की हाच सही करायचा? त्या वेळचा नियम, डिक्री काही कुणी वाचलं असेल तर प्लीज सांगा, फ्रेंचमध्ये असलं तरी चालेल. आमच्या मॅडम नेमकं हेच विचारणार.

दुसरं म्हणजे फ्रान्सिस मेरपण घ्यावा का? तोही असाच कंपनीवाला, युझिनॉर ही फ्रेंच पोलाद कंपनी चालवलेला, 2002 ला थेट अर्थमंत्री. आणि 2006 ला मित्तलनी आर्सेलरवर (जिच्यात युझिनॉर विलीन झाली होती) बोली लावली तेव्हा त्या खुर्चीत बसून विरोध करत होता ब्रतों. मला मोह होतोय, पण दहा मिनिटांत दोघं बसतील असं वाटत नाही.

युरोपियन कमिशन, मस्कला पत्र वगैरे माहितीये, ते नका पाठवू. 2005-07 चंच हवंय.